आग विझली, आता इमारतीचं काय?

पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ चकचकीत धातूचं थारोळं पडलं होतं. आदल्या दिवशीपर्यंत ती अ‍ॅल्युमिनियमची पातेली होती. दोन हातांवर देव्हारा. त्याच्या लाकडाचा कोळसा झालेला, पण आतला पितळी बाळकृष्ण काळाठिक्कर पडूनही तसाच्या तसा, रांगता. घरच्या मावशींनी तो पदराने पुसला आणि कपाळाला लावला. मी वहीत लिहून घेतलं : ६६० च्या वर, ९०० च्या आत.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पितळ वितळायला साधारण ९०० च्या पुढे जावं लागतं. पातेली वितळली आणि मूर्ती टिकली, म्हणजे त्या कोपऱ्यात, त्या उंचीला आग या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी होती. खान्देशात सराफाच्या पेढीवर बसणारा कुणीही सांगेल की सोनं १०६४ ला आणि चांदी ९६१ ला पाणी होते. कपाटातले दागिने शाबूत निघाले की घरचे देवाचे आभार मानतात. इंजिनिअरला त्याच दागिन्यांवरून खोलीचं तापमान कळतं. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. गरम हवा वर जाते. ओट्यापाशी ७०० असेल तर छताशी त्याहून जास्त. म्हणजे सगळ्यात जास्त मार खाल्लेली गोष्ट आपल्या डोक्यावर असते, आणि बहुतेक जण पायाखालचा पसारा बघत फिरतात.

ही इमारत धुळ्यातली. चार मजली, खाली गाळे, वर फ्लॅट. खान्देशात कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेत दिसते तशी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता. काही घरांत माहेरवाशिणी अजून थांबलेल्या. मागच्या गोदामात रात्री आग लागली आणि पहाटेपर्यंत चालली. माणसं सगळी सुखरूप बाहेर आली, ही फार मोठी गोष्ट. सकाळी मला बोलावलं तेव्हा रस्त्यापलीकडे सगळी बिऱ्हाडं उभी होती आणि प्रश्न दोनच होते. भाऊ, पाडावी लागेल का? आणि नाही तर श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत घरात जाता येईल का? एक आजोबा हात वर करून म्हणाले, "भीत उभी शे ना, मंग काय?"

त्या 'मंग काय'चं उत्तर द्यायला हा लेख लिहितोय. आगीतून वाचलेली इमारत बरीचशी दुरुस्त होऊ शकते. पण काय बिघडलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि गिलावा-रंग करून घरात जायची घाई हीच पुढच्या अपघाताची सुरुवात असते.

काँक्रीट जळत नाही, पण आतून सुटतं

काँक्रीटमध्ये सिमेंट, वाळू, खडी असते, तसं पाणीही असतं. स्लॅब वीस वर्षांचा झाला तरी ते आत असतं. थोडं बारीक छिद्रांत मोकळं आणि पुष्कळसं सिमेंटशी जखडलेलं. आगीत १०० अंशांच्या पुढे मोकळ्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती वरचं आवरणच उडवते. स्लॅबच्या पोटाचे पापुद्रे फुटाण्यासारखे तडतडत खाली पडतात. स्लॅबमध्ये सळईखाली आवरण असतं जेमतेम २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराइतकं. ते उडालं की सळई थेट आगीत.

३०० अंशांपर्यंत काँक्रीटचं कायमचं नुकसान फारसं होत नाही. त्यापुढे जखडलेलं पाणीही निघू लागतं. ४०० ते ५०० च्या दरम्यान सिमेंटमधल्या चुन्याचं रूप बदलतं आणि कळीचा चुना तयार होतो. ५७३ ला वाळूतले गारेचे कण एकदम फुगतात. ६०० च्या आसपास काँक्रीटची निम्मी ताकद गेलेली असते आणि थंड झाल्यावर ती परत येत नाही.

या कळीच्या चुन्याकडे जरा थांबून बघू. कळीचा चुना पाण्यात टाकला की काय होतं ते भिंती सारवणाऱ्या आपल्या आज्यांना ठाऊक होतं. तो फुलतो, फसफसतो, आकाराने वाढतो. जळालेल्या स्लॅबच्या आत नेमकं तेच होतं, फक्त हळूहळू. आधी बंबाचं पाणी, मग हवेतला ओलावा, मग जूनचा पाऊस. चुना फुलतो आणि आगीच्या दिवशी नसलेली भेग तीन आठवड्यांनी दिसते. लोक म्हणतात, कारागिरांनी ठोकाठोकी करून भेगा पाडल्या. तसं नसतं. आपल्याकडे बऱ्याच आगी उन्हाळ्यात लागतात आणि पाठोपाठ पावसाळा येतो. म्हणून फुटलेल्या खिडक्या आणि गच्चीची भोकं ताडपत्रीने बंद करणं हे पहिल्या आठवड्याचं काम आहे. तेही माणसाला आत सोडणं सुरक्षित आहे असं इंजिनिअरने सांगितल्यावर.

पुस्तकात वाचायला मिळतं की ३०० ते ६०० अंश तापलेलं काँक्रीट गुलाबी होतं, त्यामुळे किती खोल तापलं ते रंगावरून कळतं. ही खूण खरी आहे, पण ती रेती-खडीतल्या लोहामुळे येते आणि गारगोटीच्या खडीत ठसठशीत दिसते. आपल्याकडची खडी काळ्या बेसॉल्टची. तिच्यात हा गुलाबीपणा फिका पडतो, कधी दिसतच नाही. गुलाबी दिसलं तर नक्की तापलं होतं. दिसलं नाही म्हणून तापलं नव्हतं असं धरायचं नाही. बाहेरून आलेला सल्लागारही कधीकधी इथे चुकतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एक दिलासाही आहे. काँक्रीट उष्णता फार हळू आत नेतं. तासभर भडकलेल्या आगीत पृष्ठभाग ८०० च्या वर गेला, तरी चार-पाच सेंटिमीटर आत तापमान त्याच्या निम्म्याहून कमी असतं. म्हणजे जाड कॉलमचा गाभा बहुधा शाबूत असतो आणि पातळ स्लॅब जास्त जायबंदी होतो. बहुतेक इमारती वाचवता येतात त्या याच कारणाने.

सळईचं पाणी

लोहार विळ्याला पाणी देतो, म्हणजे लालबुंद पातं पाण्यात बुडवून त्याची धार कडक करतो. तोच विळा पुन्हा चुलीत पडला की पाणी उतरतं आणि धार बोथटते. आजच्या टीएमटी सळईची गोष्ट हीच आहे. कारखान्यात तापलेल्या सळईवर पाण्याचे फवारे मारून बाहेरची साल कडक करतात, गाभा मऊ ठेवतात. ५००–६०० अंशांच्या पुढे तापून थंड झालेल्या सळईच्या सालीचं हे पाणी उतरू शकतं.

आग चालू असताना तर सळई अगदी केविलवाणी असते. ५५० अंशांच्या आसपास पोलादाची निम्मी ताकद गेलेली असते. म्हणून जळत्या इमारतीचा स्लॅब खाली झोळतो. थंड झाल्यावर पोलाद बरंच सावरतं, पण झोळलेला स्लॅब वर येत नाही. त्यामुळे बघायचं काय? सळई कुठे उघडी पडली, कुठे वाकली, स्लॅब किती खाली आला. शंका असेल तिथे सळईचा तुकडा कापून प्रयोगशाळेत ताणून बघतात. हा खर्च बाकीच्या हिशेबात किरकोळ असतो. तो वाचवू नये.

ज्यांच्या घराला आग शिवली नाही

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या नानांचं म्हणणं होतं की माझ्या घराला काही झालं नाही, मला जाऊ द्या. त्यांच्या घरात खरंच एक पडदाही जळाला नव्हता. पण खालचा स्लॅब तापला तेव्हा तो लांबलाही होता. हिशेब सोपा आहे. दहा मीटर लांबीचं काँक्रीट सरासरी ३०० अंशांनी तापलं तर तीन सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. वाढताना ते दोन्ही टोकांच्या कॉलमना बाहेर ढकलतं. त्यामुळे भेग आगीच्या खोलीत न पडता तिथून दोन खोल्या पलीकडे, टोकाच्या कॉलमच्या डोक्याशी, तिरकी पडते. नानांच्या खालच्या कोपऱ्यातल्या कॉलमवर तशीच भेग होती. आणि नानांचं घर त्याच कॉलमवर उभं. त्यांना टॉर्च घेऊन ती दाखवली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

दुसरं संकट धुराचं. वायरींचं आवरण, पाइप, काही फरशा पीव्हीसीच्या असतात. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतो. पीव्हीसी जळालं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते. ती धुराबरोबर जिन्यातून वर जाते आणि थंड भिंतींवर, नळांवर, स्विचबोर्डात, फ्रिजच्या मागे बसते. ओलावा मिळाला की लोखंड गंजायला लागतं. काँक्रीटच्या भेगांतून क्लोराइड सळईपर्यंत पोचलं तर ते काम वर्षानुवर्षं चालू राहतं. म्हणून काजळी बसलेल्या घरांतल्या काँक्रीटचे नमुनेही क्लोराइडसाठी तपासून घ्यावेत.

काजळी काढायची एक रीत आहे. आधी कोरडी : मऊ ब्रश, व्हॅक्यूम, तोंडाला चांगला मास्क. पाणी नंतर. आपली सवय उलटी आहे, पाइप लावला आणि घर धुतलं. तसं केलं की काजळी आणि आम्ल दोन्ही भिंतीत मुरतात, वास वर्षभर जात नाही. गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीवर जुने अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतील आणि ते तडकले असतील तर ते झाडूने झाडायचे नाहीत. ओले करून, पिशव्यांत बांधून हलवायचे. त्यांचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात.

तिसरं पाणी. होनोलुलूमध्ये मार्को पोलो नावाची ३६ मजल्यांची निवासी इमारत आहे. १४ जुलै २०१७ ला २६ व्या मजल्यावर आग लागली, चार माणसं गेली. इमारत १९७१ ची, घरांत स्प्रिंकलर नव्हते. नुकसान मात्र दोनशेहून जास्त घरांचं झालं, कारण धूर वर जातो आणि विझवण्याचं पाणी खाली उतरतं. धुळ्याचीही कथा तीच होती. ज्या खोलीत एक ठिणगी पडली नाही तिथली लाकडी कपाटं महिन्याभराने फुगून बंद व्हायची थांबली.

वीज तर कुणीही स्वतः चालू करून बघू नये. बाहेरून चांगली दिसणारी वायर आतून वितळलेली असते. परवानाधारक वायरमनकडून मेगरने, म्हणजे वायरीचं आवरण धड आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक घराची चाचणी करून घ्यावी. जी लाइन नापास होईल ती पूर्ण बदलायची, जोड मारायचा नाही.

साठ दिवस

इथे कायद्याकडे वळावं लागतं, कारण घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं.

आपल्याकडे फ्लॅटच्या इमारती दोन तऱ्हेने नोंदलेल्या असतात. एक, सहकारी गृहनिर्माण संस्था, १९६० च्या सहकार कायद्याखाली. दुसरी, अपार्टमेंट, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली, 'डीड ऑफ डिक्लरेशन' करून. बोलताना दोन्हींना आपण सोसायटीच म्हणतो. आपली कोणती आहे ते आजच कपाटातला दस्त काढून बघा.

कारण अपार्टमेंट कायद्यात एक तरतूद आहे जी मला भेटलेल्या दहांतल्या नऊ फ्लॅटधारकांना माहीत नसते. इमारतीचं नुकसान झाल्यापासून ६० दिवसांच्या आत मालकांच्या असोसिएशनने दुरुस्ती करायची किंवा पुन्हा बांधायची असं ठरवलं नाही, तर ती मालमत्ता सगळ्या मालकांच्या सामाईक मालकीची मानली जाते, ज्याच्या-त्याच्या हिश्श्यानुसार. मग कुणीही एक मालक वाटणीसाठी न्यायालयात जाऊ शकतो. विक्री झाली तर तिचे पैसे आणि विम्याचे पैसे एकत्र करून हिश्श्याप्रमाणे वाटले जातात. म्हणजे अकरा जणांना घर हवं आहे, ठराव मात्र कुणी केला नाही, आणि बाराव्याने दावा लावला, असं होऊ शकतं. आगीनंतर माणसं नातेवाइकांकडे पांगलेली असतात. कुणी नाशिकला लेकीकडे, कुणी सुरतेला भावाकडे. दोन महिने कसे जातात कळत नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यात सभा बोलवा, मंदिराच्या ओसरीवर घ्या, शाळेच्या वर्गात घ्या, पण घ्या. दुरुस्त करायचं ठरलं असा ठराव इतिवृत्तात लिहा आणि सह्या घ्या. तपशील नंतर ठरवता येतो.

संस्था असेल तर आदर्श उपविधी लागू होतात. त्यांत आग आणि भूकंपासाठी इमारतीचा विमा उतरवणं हे संस्थेचं कर्तव्य सांगितलं आहे. किती संस्था ते पाळतात हे आपापल्या वार्षिक सभेत विचारावं. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का घ्यायचा असतो. एका फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख धरला तर वर्षाला ५,००० रुपये. बारा फ्लॅटचे दहा वर्षांत ६ लाख. आगीच्या दुरुस्तीपुढे ही रक्कम लहान आहे, पण टेकू लावायला आणि तपासण्या करायला पहिल्याच दिवशी रोख लागते. ती इथून येते.

विम्यात लोक सर्वांत जास्त फसतात ते रकमेत. विमा बाजारभावाचा नसतो, पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाचा असतो. जागेची किंमत आगीत जळत नाही. आणि कमी रकमेचा विमा घेतला तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. समजा, इमारत पुन्हा बांधायला ४ कोटी लागतात, विमा २ कोटींचा, नुकसान ६० लाखांचं. हातात येतात ३० लाख. घरांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यावी लागते. तिच्यात ही कापाकापी नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं संरक्षण त्यातच धरलेलं आहे. मलबा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअर-आर्किटेक्टच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. खालच्या दुकानांची पॉलिसी वेगळी असते, तिचे नियम वेगळे. आणखी एक : गृहकर्ज घेताना बँकेने घराचा विमा उतरवलेला असण्याची शक्यता असते. कर्जाची फाइल उघडून बघा. आमच्याकडे दोन कुटुंबांना आपला विमा आहे हे आगीनंतर कळलं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत मलबा उचलू नका, काही फेकू नका. प्रत्येक खोलीचे फोटो काढा, छतासकट. पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल आणि नगरपालिकेतला मूळ आराखडा, या तीन कागदांवाचून पुढचं पान हलत नाही. जागेचं अभिहस्तांतरण, म्हणजे जागा आपल्या नावावर करून देणं, अजून बिल्डरकडून झालेलं नसेल तर तेही आता काढावं लागतं, कारण जमीन कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न पाडायची वेळ आली की सगळ्यात आधी येतो.

हातोडीने ऐकायचं

तपासणीचं पहिलं यंत्र म्हणजे साधी हातोडी. धड काँक्रीटवर टोला मारला की टणत्कार येतो, सुटलेल्यावर भद्द. सरावलेला मिस्त्री अख्खा स्लॅब अर्ध्या दिवसात ठोकून खडूने नकाशा काढतो. त्या दिवशी गोदामाच्या छतावर खडूचे इतके गोल उमटले की मधली चांगली जागा शोधावी लागली.

पुढे यंत्रं येतात. एक ध्वनिलहरींचं. काँक्रीटच्या एका बाजूने लहर सोडायची, दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचते ते मोजायचं. चांगल्या काँक्रीटमधून ती सेकंदाला ४ किलोमीटरच्या आसपास धावते, ३ च्या खाली गेली की शंका घ्यायची. दुसरा रिबाउंड हॅमर, स्प्रिंगचा. तो फक्त वरच्या सालीचा कडकपणा सांगतो, आणि आगीत बिघडते तीच साल. म्हणून जळालेल्या जागी त्याच्या एकट्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ देऊ नका. खरी साक्ष देतो तो गाभा : पोकळ ड्रिलने काँक्रीटचा दंडगोल काढून प्रयोगशाळेत दाबतात. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, म्हणतं, गाभ्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. न जळलेल्या भागातलेही दोन गाभे काढावेत. नाहीतर आगीने बिघडलं की बिल्डरने मुळात कमी सिमेंट घातलं होतं, हे कधीच कळत नाही.

यावरून प्रत्येक कॉलम, बीम, स्लॅबची प्रतवारी होते : नुसतं पुसून-गिलावा करून चालेल, वरवरची दुरुस्ती हवी, मजबुतीकरण हवं, काढून नवं करायला हवं. इमारत पाडायची की ठेवायची ते या यादीतून ठरतं, आजोबांच्या भिंतीवरून नाही. मंत्रालयाची आठवण सगळ्यांना असेल. २१ जून २०१२ ला चौथ्या मजल्यावर आग लागली, वरचे मजले जळाले. आज तिथेच कारभार चालतो. इमारत ठेवून आतून ती नव्याने उभी केली गेली. उलट लंडनचा ग्रेनफेल टॉवर. १४ जून २०१७ ला त्यात ७२ माणसं गेली. तो पुन्हा कुणाचं घर झाला नाही. २०२५ मध्ये तो उतरवून घ्यायचा निर्णय सरकारने जाहीर केला.

दुरुस्ती

सगळ्यात आधी टेकू. आणि टेकू जळालेल्या मजल्यावर लावून भागत नाही. त्याचं वजन खालच्या स्लॅबवर येतं, म्हणून थेट जमिनीपर्यंत प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक लावत जायचं.

मग सुटलेलं काँक्रीट काढायचं, हलक्या हातोडीने किंवा लहान चिपरने. मोठा ब्रेकर लावला तर चांगलं काँक्रीटही तडकतं. थांबायचं कुठे? जिथे खडी सुटून न येता खडीच फुटते, तिथे. सळई चकचकीत घासायची. जी बारीक झाली किंवा पाणी उतरलेली निघाली, तिच्या शेजारी नवी सळई पुरेसा जोड ठेवून बांधायची. मग जुन्या-नव्याला धरून ठेवणारा थर, आणि त्यावर पॉलिमर मिसळलेला मसाला, गनायटिंग (दाबाने फवारलेलं काँक्रीट) किंवा मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, पातळ ओतता येणारं), खड्डा जितका खोल असेल तसं. कॉलम कमकुवत असेल तर त्याभोवती नव्या सळया आणि नवं काँक्रीट घालून जॅकेट करतात. ते एका मजल्यापुरतं केलं तर उपयोग मर्यादित. भार खाली पायापर्यंत नेणाऱ्या मजल्यांतूनही ते न्यावं लागतं. इथे भांडणं होतात. तळमजल्याच्या दुकानदाराचा कॉलम चारही बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर जाड होतो, शटर हलवावं लागतं. त्याची तक्रार रास्त आहे. ती सभेत आधीच मिटवावी, काम अर्ध्यावर आल्यावर नाही.

कार्बन फायबरची पट्टी चिकटवणं हा जागा न खाणारा उपाय आहे आणि चांगला आहे. पण तिला धरणारं इपॉक्सी साधारण ६०-८० अंशांनाच मऊ पडायला लागतं. आगीतून गेलेल्या इमारतीत ती वापरली तर वरून अग्निरोधक थर घ्यायलाच हवा.

आणि पाणी मारणं. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. सिमेंटला मात्र रोज ओल हवी. नव्या कॉलमना गोणपाट गुंडाळून, वरून प्लास्टिक बांधून, टँकर मागवून सात ते चौदा दिवस ओलं ठेवावं लागतं. लाखांचं रसायन घालून पाण्याच्या टँकरसाठी हात आखडता घेतलेली कामं मी पाहिली आहेत. त्या पॅचवर बोट फिरवलं की पिठी निघते.

भिंती उघड्याच आहेत तेव्हा पुढच्या आगीचं कामही उरकून घ्यावं. वायरींच्या डक्टमधली प्रत्येक मजल्यावरची भोकं अग्निरोधक मसाल्याने बंद करायची. धूर वर चढतो तो तिथूनच. जिन्याखालचं सामान, पार्किंगमधलं गोदाम कायमचं हलवायचं. सुरतेत २४ मे २०१९ ला तक्षशिला आर्केडमध्ये २२ जणांचा जीव गेला, बहुतेक शिकवणीला आलेली मुलं. आपल्या कितीतरी घरांतली माणसं सुरतेत आहेत, ती बातमी इथे घराघरांत रडवून गेली. वर अडकलेल्या मुलांना खिडक्यांतून उड्या माराव्या लागल्या, हे कुणी विसरू नये. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, 'फॉर्म बी', परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यायचं असतं.

कानबाईपर्यंत आम्ही घरं देऊ शकलो नाही. त्या वर्षी बारा घरांचे रोट, कानबाईचा नैवेद्य, एकाच नातेवाइकाच्या अंगणात झाले. काम दिवाळी उलटल्यावर संपलं आणि राहिली भारचाचणी. नवा केलेला स्लॅब खरंच वजन पेलतो का ते वजन ठेवूनच बघायचं. घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, चाचणीला त्याच्या सव्वापट, २५०. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत म्हणजे २,८०० किलोच्या आसपास. काही ठिकाणी पाणी भरून करतात. आम्ही वाळूच्या चाळीस-चाळीस किलोच्या गोण्या मांडल्या, सत्तर. खाली टेकूंचं जाळं स्लॅबला न टेकवता, आणि मधोमध काट्याचं मापक. २४ तास तसंच ठेवायचं, मग भार काढायचा आणि पुढच्या २४ तासांत स्लॅब किती परत येतो ते बघायचं. नियमाने निदान ७५ टक्के परत यायला हवा.

भाराखाली तो ७ मिलिमीटर खाली आला होता. गोण्या काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मापक बघायला सगळी बिऱ्हाडं जिन्यात जमली. मावशींच्या हातात बाळकृष्ण होता, कापडात बांधलेला. ६ मिलिमीटर परत आला होता. नानांनी आकडा दोनदा विचारून घेतला, मग वर जाऊन एक गोणी खांद्यावर घेतली आणि खाली उतरवायला लागले.